ओल्या मेंढ्या आणि चुंबकाचा पट्टा

डार्सी कियोने पाण्याने भरलेली बादली उजव्या हाताने उचलली आणि मेंढ्यांच्या कातरणीची अख्खी शेड टाळ्या वाजवू लागली. मी इथे लोकरीची प्रतवारी करतो. अशा टाळ्या पूर्वीही ऐकल्या आहेत.

डार्सीच्या मनगटातलं एक छोटं हाड रक्त न मिळाल्याने मरत होतं. शहरातल्या डॉक्टरने मनगटाला फळी बांधून तीन महिने कातरणी बंद सांगितली होती. क्लाइव्ह बरेज यांनी चुंबकाचा पट्टा बांधला. हे गृहस्थ पूर्वी पाण्याचे पंप विकत, आता पट्टे.

"मेलेलं हाड झोपलेलं असतं," ते म्हणाले. "चुंबक त्याला हाक मारतं. फळीत कोंडलेल्याला हाक ऐकू कशी जाणार?"

डार्सीने फळी चुलीत घातली. दहा-बारा दिवसांत दुखणं गेलं आणि त्याने ती बादली उचलली. सगळ्यांनी पट्टे घेतले.

मग ऊन पडलं, कातरणी सुरू झाली आणि तिसऱ्या दिवशी डार्सीच्या हातात चहाचा मग राहीना. श्रद्धा उतरली की चुंबकही उतरतं, असं बरेज यांचं निदान. उपाय म्हणजे दुसरा पट्टा.

फिरतीवरच्या नर्स ग्लेनिस ट्रँटर त्याच दिवशी आल्या. दुखणं कधीपासून कमी होऊ लागलं होतं, त्यांनी डार्सीला विचारलं.

"पट्टा बांधल्यापासून, सिस्टर."

"आणि पाऊस?"

शेडचा स्वयंपाकी म्हणाला, "त्याच दिवशी लागला की."

आमच्याकडे ओली मेंढी कातरत नाहीत. शंका आली की प्रत्येकाने दोन मेंढ्या कातरायच्या आणि चिठ्ठीवर 'ओली' की 'कोरडी' हे मत द्यायचं. त्या पावसात आम्ही रोज 'ओली' लिहून अकरा दिवस पत्ते कुटले होते.

"म्हणजे अकरा दिवस हाताला विश्रांती. मर्व्ह, तुमचा दुखरा खांदा?" सिस्टरनी विचारलं.

"बरा झाला होता," डार्सीच्या शेजारी कातरणारा मर्व्ह पुटपुटला. "पट्टा पहिल्याच दिवशी कुत्र्याने नेला."

डार्सी मनगट धरून बसला होता. "सिस्टर, हात वाचेल ना?"

"आधी नवा एक्स-रे. हाड चेपलं नसेल तर पुन्हा फळी, गोळ्या आणि कातरणी बंद. तेवढ्याने भागेलच असं वचन मी देत नाही." त्यांनी बरेज यांच्याकडे पाहिलं. "वचनं द्यायला हे आहेत."

डार्सीने पट्टा सोडला आणि हात पुढे केला. सिस्टर एक्स-रे होईपर्यंतची फळी बांधू लागल्या.

मेंढी कोरडी आहे, असं मालक शपथेवर म्हणाला तरी आम्ही ऐकत नाही. दोन कातरून, स्वतः चाचपून मगच मत देतो. हाडाच्या बाबतीतही एवढंच करायला हवं होतं.