वीतभर पट्टी

हमदा गेली त्याला चाळीस दिवस झाले, तरी तिच्या मागावरची पट्टी खुंट्यांवर तशीच ताणलेली होती. काळ्या शेळीच्या केसांची, तंबूच्या छतात मधोमध बसणारी. दर वर्षी नवी पट्टी मधे शिवायची आणि जुन्या कडेला सरकवायच्या. अंगावरचं एकदम न उतरवता घर असं नवं होत राही. आता पावसाचे दिवस तोंडावर आले होते आणि पट्टी अर्धीच होती.

ती मी पुरी करणार, असं हमदाची लेक नौफा हिनं सांगून टाकलं. तिला दोन मुक्कामांवर दिलेली. दुखवट्याला आली ती राहिलीच. भावजय तुर्किया यावर काही बोलली नाही. तिचं ते न बोलणंच नौफाला झोंबलं. नौफा सासरी गेली आणि मागावर आईसमोर बसायला ही आली, ती बारा वर्षं बसली. दुखवट्याच्या बायकासुद्धा म्हणत होत्या, तुर्कियाचा हात म्हणजे हमदाचाच.

रोज सकाळी नौफा आईनं विणलेल्या शेवटच्या वीतभर भागावर तळवा टेकवायची, मग कामाला लागायची. आडवा धागा करकचून आवळायची आणि हरणाच्या शिंगानं असा ठोकायची, की खाली कुणाची तरी बोटं असावीत.

आठव्या दिवशी शेजारच्या तंबूतली म्हातारी फिद्दा पट्टी बघायला आली.

"अगं, आवळून आवळून मधेच अरुंद केलीस, कंबर काढलीस की हिला! कुणावरचा राग हा? तंबूचे दोर ताणले की इथंच फाटणार. उसव सगळं."

नौफा सुरीनं उसवत गेली आणि त्या वीतभर भागापाशी थांबली. इथून पुढं आईचं आहे, म्हणाली.

फिद्दानं पलीकडं बसलेल्या तुर्कियाकडं पाहिलं, मग सांगितलं. शेवटचा महिना हमदाच्या मनगटात जोर नव्हता. ती वीत सुनेनं विणलेली.

आठ दिवस आपण कशावर हात ठेवत होतो, हे कळून नौफाच्या अंगाची आग झाली. तिनं सुरी त्या विणीला लावली.

"वहिनी, आईचा हात कुठं संपला ते दाखव. तिथपर्यंत काढून टाकते."

"कसं दाखवू, वन्सं?" तुर्किया हळूच म्हणाली. "शिंग मी धरायचे, त्या माझ्या हातावर हात ठेवायच्या. ठोका कुणाचा, मला तरी कुठं ठाऊक."

नौफाला हे आणखीच लागलं. आपल्या हातावर आईचा हात शेवटचा कधी होता, ते तिला आठवेना. फिद्दा उठून गेली. मग नौफानं सुरी बाजूला ठेवली आणि धाग्याचा गुंडा भावजयीकडं सरकवला.

"समोर बस," ती म्हणाली. "धागा दे फक्त. माझ्या हाताला हात लावू नकोस."