आक्काचा सोनटक्का

भाद्रपदातल्या ओल्या सकाळी आक्का परसातून आत यायची, तेव्हा तिच्याआधी तिच्या ओंजळीतल्या सोनटक्क्याचा गंध चुलीपाशी पोचायचा. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. उंच, सावळी, मितभाषी. उचगावच्या आमच्या परसात न्हाणीच्या ओलीवर वाढलेली ती शुभ्र फुलांची रांग, तिने लग्नात जांबोटीच्या घाटातल्या माहेराहून आणलेल्या एका गड्ड्याची. पुढे प्लेगात ते माहेरच उठले. आई, भाऊ, घर, काही उरले नाही. उरला तो हा सोनटक्का.

मी निपाणीकडची, तंबाखूच्या कोरड्या रानातली. लग्न होऊन आले ते माघात. तोवर सोनटक्क्याची पाने वाळून मातीवर नुसते खुंट उरले होते. ह्यांना खोकल्याची उबळ आली, आक्का विहिरीवर गेलेली. मी खणून पाहिले, आल्यासारखेच गड्डे! आलेच समजून काढ्यापुरते ठेचले आणि उरलेले वाया कशाला घालवा, म्हणून सगळी रांग उपसून, सोलून, चकत्या करून सुंठीसाठी उन्हात घातली. नव्या सुनेचा उत्साह, दुसरे काय!

आक्का आली. डोईवरची घागर तशीच.

“काय केलीस गं, बाई?”

एवढेच. मग ती सालींच्या ढिगाशी बसली आणि अंगठ्याएवढा, कोंबाचा एकच डोळा असलेला तुकडा शोधून तिने तो ओलीत पुरला. ती रागावली असती तर मी सुटले असते. चैत्र-वैशाख ती हात धुतलेले पाणीही तिथेच ओतायची, आणि मी जीव मुठीत धरून रोज ती माती बघायची.

आषाढात कोंब आला, पण फूल नाही. गौरी त्या वर्षी सोनटक्क्यावाचून बसल्या. पूजा करताना आक्काचे हात एकदा परडीकडे गेले आणि रिकामेच परत आले. ते पाहून मला रडू आवरेना.

दुसऱ्या वर्षी एक दांडा फुलला. फुले सरल्यावर आक्काने गड्डा उकरला, मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला.

“निपाणीला तुझ्या आईच्या दारात लाव जा. एकाच दारात ठेवलं की असं हुतंय.”

“माझ्या हातानं, आक्का?”

“व्हय, तुझ्याच. तू आता लई जपतीस.”

आक्का जाऊन आता कैक वर्षे झाली. काळ माणसे नेतो, गावे नेतो. पण ज्या हातांनी एकदा घालवले, त्याच हातांवर विसंबून तिने आपले अख्खे माहेर ठेवले, हे आठवले की आजही माती उकरताना मी कुदळ बाजूला ठेवते आणि बोटांनीच गड्डा मोकळा करते.