बंद गळ्याचा स्वेटर

“आधी दोरी, मग तोंड!”

पहिल्याच दिवशी धक्क्याला लागताना कप्तानानं हे बजावलं होतं, आणि सगळा उन्हाळा ते तिच्या कानात बसलं होतं. बोट काठाला आली की तिनं दोरी घेऊन उडी मारायची, लोखंडी खुंटीला वेढे द्यायचे, गाठ आवळायची, आणि मग काय विचारायचं ते विचारायचं. तो चाकामागून हलायचा नाही. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसा तिथूनच ओरडायचा, “अगं डावीकडे! डावा हात कुठला ते पोस्टातच विसरून आलीस का?” शेजारच्या बोटींवरची माणसं हसायची. तीही हसायची. उभं आयुष्य पोस्टाच्या खिडकीत बसून लोकांचं ऐकून घेतलेली बाई ती. असलं काही तिला लागत नसे, किंवा लागलं तरी दिसत नसे.

कप्तान म्हणजे तिचा नवरा. नोकरीत असताना तो दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे मंजूर करायचा. खरं तर बहुतेक नामंजूरच करायचा. निवृत्त झाल्यावर त्यानं ही जुनी मोटरबोट घेतली. खाली दोन अरुंद बाक, एक शेगडी, मान वाकवून उभं राहावं लागेल अशी मोरी, आणि वर काचेमागं चाक. उन्हाळाभर नदीतून वर वर जायचं, गावोगाव थांबायचं, आणि शेवटी तिच्या ताईच्या गावाला लागायचं, असं ठरलं होतं. ताईच्या गावाची अट तिची. लग्न झाल्यापासून तिनं घातलेली बहुधा ती एकच अट.

ताईनं अंथरूण धरलं होतं. तरी फोनवर ताईच म्हणाली होती, “पाण्यावरनं ये, मजेत ये. मी कुठे पळून जातेय? फक्त बाळीचं ध्यानात ठेव.”

बाळी म्हणजे ताईची लेक. वयानं तिशीची, समजेनं चार वर्षांची. बोलत नाही. ओळखीच्या हाताशिवाय घास घेत नाही, आणि अनोळखी माणूस जवळ आलं की टेबलाखाली जाऊन बसते.

“माझं काही बरंवाईट झालं तर तिला परक्यांत ठेवू नकोस गं. एक रात्रसुद्धा नको.”

“नाही ठेवणार. असेन तिथनं उठून येईन. तुझ्या गळ्याची शपथ.”

“माझ्या गळ्यात आता राहिलंय काय,” ताई हसली होती. “देवाची घे.”

तिनं देवाची घेतली. आणि देवाची शपथ ती उगाच घेणाऱ्यातली नव्हती.

बोटीवर फोन चार्ज करायची एकच जागा होती, चाकाजवळ. त्यामुळे तिचा फोनही कप्तानाच्या हाताशी असायचा आणि वाजला की तोच उचलायचा. उन्हाळा अर्ध्यावर आला तेव्हा त्यानं सांगितलं, “ताईला डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय. तिच्या खाली राहणारी शिंपीणबाई रोज खुशाली कळवते मला. काळजी करू नकोस.”

तिनं काळजी केली, पण तोंडानं नाही. जवळ लोकर होती. ताईसाठी स्वेटर विणायला घेतला.

कप्तान चाकामागून बघायचा. एकदा म्हणाला, “ताईचा निरोप आहे. गळा बंद घे म्हणाली. थंडी वाजते तिला.”

विणून झालेला उघडा गळा तिनं उसवला आणि पुन्हा घातला. ताईनं आपण होऊन काही मागितलं याचंच तिला किती बरं वाटलं! पुढे निरोप आला की बाह्या थोड्या लांब हव्यात. तिनं लांब केल्या. मग निरोप आला की घाई नको, सावकाश या. तेव्हा कप्तानानं मधल्या एका गावी मुक्काम वाढवला. तिथं मासे चांगले लागत होते.

त्या धक्क्यावर माणसं फार चांगली निघाली. शेजारच्या बोटीवर दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको होती. डॉक्टरीणबाई सकाळीच गरम पाव आणून द्यायच्या, भांडी हातातून काढून घ्यायच्या. पेट्रोलपंपवाला, एरवी सगळ्यांवर खेकसणारा, तिच्याशी मऊ बोलायचा. तिला वाटलं, कुणी तरी आपल्याला न मागता जपतंय. रोज सकाळी हात जोडताना ती या माणसांचीही नावं घ्यायला लागली.

एका दुपारी ती धक्क्यावरच्या बाकावर बसून स्वेटरला गुंड्या लावत होती. डॉक्टरीणबाई शेजारी येऊन टेकल्या.

“किती बाई सुरेख विणलंय! कुणासाठी?”

“ताईसाठी.”

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. मग हळूच म्हणाल्या, “मला बाई कौतुक वाटतं तुमचं. बहीण गेल्यावर तिच्या नावानं एवढं पुरं करायचं म्हणजे...”

“कोण गेल्यावर?”

सुई हातातच राहिली. डॉक्टरीणबाईंनी तोंडावर पदर धरावा तशी ओंजळ धरली.

“अगं बाई! त्यांनी सांगितलं होतं की तुम्हाला... म्हणजे आधी म्हणाले, हिला कळू देऊ नका, हृदय नाजूक आहे. मग मला वाटलं, एव्हाना सांगितलं असेल. सगळ्या धक्क्याला ठाऊक आहे हो. बिचारे एकटे ओझं वाहतायत, असं आम्ही...”

पुढचं तिनं ऐकलं नाही. गरम पाव कशाचा होता ते मात्र तिला कळलं. दुखवट्याचा होता. ज्याचं दुःख त्याला सोडून गावाला वाटलेला.

कप्तान बोटीवर गळाला आमिष लावत होता.

“ताई कधी गेली?”

त्यानं वर बघितलं. घाबरला वगैरे नाही. गळ नीट बाजूला ठेवला, बोटं फडक्याला पुसली.

“कोणी बडबडलं? डॉक्टरीण ना? बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही.”

“कधी गेली, अहो?”

“झाले तीन आठवडे. सांगून काय ती परत येणार होती? शेजाऱ्यांनी सगळं उरकलं, व्यवस्थित. तू तिथं जाऊन नुसती रडली असतीस.”

“मग ते निरोप?”

“तुला बरं वाटावं म्हणून.” तो किंचित हसला. “आणि वाटलं की नाही? गळा उसवताना कशी गुणगुणत होतीस! मी बघत होतो ना.”

केसानं गळा कापावा म्हणतात तो असा. तिनं काठाला हात टेकला.

“आणि बाळी?”

इथं पहिल्यांदा त्याचा आवाज कडक झाला. “हेच! हेच तुझ्या तोंडून येणार म्हणून तर सांगितलं नाही. ते ध्यान घरात आणायचं, भरवायचं, टेबलाखालून ओढून काढायचं... मी काय यासाठी निवृत्त झालो? ठेवलंय तिला संस्थेत. शिंपीणबाईनं विचारलं, मी हो म्हटलं. तुझ्या वतीनं.”

“माझ्या वतीनं?”

“तुझीच भाची ना ती? माझी कोण?”

ती वर गेली आणि चाकाजवळचा फोन वायरीतून काढला. शिंपीणबाईनं पहिल्याच रिंगला उचलला आणि तिचा आवाज ऐकताच सुरुवात केली, “आता आठवण झाली होय? तुमचे यजमान म्हणाले, तिला यायची इच्छा नाही, फोनही करू नका. मी म्हटलं, सख्खी मावशी ना ही? अहो, ती पोर काही खात नाही तिथं. नळीनं पाजतात. हात बांधावे लागतात, नळी ओढते म्हणून. फाटकापाशी कुणी आलं की मान वर करते, आणि मग परत खाली घालते.”

“मी येतेय,” ती म्हणाली. “आजच.”

“तुम्ही येताय हे मी बाळीला सांगणार नाही हं. परत फसवणूक नको.”

“नका सांगू.”

तिनं पिशवीत दोन साड्या भरल्या, औषधं घेतली. कप्तान जिन्याच्या तोंडाशी उभा राहून बघत होता. अडवलं नाही त्यानं.

“जा. हौस फिटू दे. पण ती बोटीवर येणार नाही, सांगून ठेवतो. आणि घराची किल्ली माझ्याकडे आहे. तिला घेऊन कुठल्या दारात उभी राहणार आहेस?”

डोक्यात ताईची बंद खोली आली, शिंपीणबाईचा जिना आला, पण कुठलंच दार आपलं म्हणून उघडलं नाही. तरी शपथ घालताना ताईनं दार विचारलं नव्हतं.

“आणि तो स्वेटर ने ना,” तो मागून म्हणाला. “एवढा खपून विणलास.”

बाकावर तो तसाच पडला होता, शेवटची गुंडी दोऱ्याला लोंबत. डॉक्टरीणबाईंनी तो घडी करून पुढे केला. त्यांचे डोळे भरले होते. तिनं नकारार्थी मान हलवली. त्या निरोपांतलं एकही अक्षर ताईचं नव्हतं, आणि टाका न् टाका त्याच निरोपांवर घातलेला.

“बस कुठून सुटते हो?” तिनं विचारलं.

“पुलापलीकडून. पण अहो, एकट्या कशा... थांबा, यांना सांगते, सोडतील तुम्हाला.”

“नको. चालत जाते.”

ऊन डोक्यावर होतं. पंपवाल्यानं तिला बघून टोपी काढली. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. पिशवी या हातातून त्या हातात घेतली, पदर डोक्यावरून ओढला आणि पुलाच्या दिशेनं चालू लागली.