मापवाल्या काकूंचा गुडघा

बुटांच्या दुकानात त्यांना सगळे मापवाल्या काकू म्हणत. सव्वीस वर्षं त्यांनी जमिनीवर उजवा गुडघा टेकून गिऱ्हाइकांच्या पायात बूट चढवले होते. अंगठ्याने बुटाचं टोक दाबलं, की आतलं बोट कुठवर पोचलंय ते त्यांना डोळे मिटूनही कळे.

गेल्या वर्षी माळ्यावरून खोकी उतरवताना त्या शिडीवरून पडल्या आणि त्याच गुडघ्याच्या वाटीचे दोन तुकडे झाले. डॉक्टरांनी दोन सळ्या घालून, वरून तार आवळून ते जोडले. हाड झकास जुळलं, पण तारेची टोकं कातडीखाली टोचू लागली. चालताना विशेष नाही. गुडघा टेकला की मात्र डोळ्यांपुढे काजवे चमकत. मालकांनी भलेपणाने त्यांना गल्ल्यावर बसवलं. तिथून नवे विक्रेते उभ्या उभ्या "फिट आहे ना?" एवढंच विचारून बूट गळ्यात मारताना दिसत आणि काकूंच्या अंगाचा तिळपापड होई.

शेवटी त्या डॉक्टरांकडे गेल्या.

"तार आणि सळ्या काढता येतील," डॉक्टर म्हणाले. "पण काढल्यावर गुडघा टेकता येईलच, असं काही मी लिहून देणार नाही."

"आणि नाही काढलं तर?"

"तर हे टोचणं राहणारच."

"मग तारीख द्या."

घरी यजमान, बसवरून निवृत्त झालेले ड्रायव्हर, ऐकायला तयार होईनात. "अगं, गुडघ्याला तारेचं कुंपण आहे, राहू दे की! भरलेली जखम उकरायची हौस कसली?" त्यांचा विनोद काकूंना मुळीच रुचला नाही. चार दिवस घरात अबोला. पाचव्या दिवशी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता यजमान एकदम म्हणाले, "तुला आत नेलं तेव्हा दोन तास सांगितले होते. चार लागले. बाहेर त्या बाकावर माझं काय झालं ते मलाच ठाऊक. पुन्हा तिथे बसायचा धीर नाही गं माझ्यात."

काकूंच्या हातातली चादर तशीच राहिली. यांना आपल्या कामाचं काही नाही, असंच त्या धरून चालल्या होत्या.

"अहो, मग बसू नका," त्या हळूच म्हणाल्या. "खाली चहा पीत उभे राहा. पण सोडायला तुम्हीच या."

ते आले. आणि बाकावरच बसले.

कमरेखाली बधिर केलेल्या काकू पडद्याअलीकडे जाग्या होत्या. गुडघ्याशी ओढाताण जाणवे, दुखत काहीच नव्हतं. स्टीलच्या भांड्यात खणखण ऐकू येत होती. मग डॉक्टरांचा आवाज आला, "तारेचा एक तुकडा तुटून हाडात रुतलाय. काढायचा तर हाड कोरावं लागेल."

"टोचेल का?"

"खोल आहे, नाही टोचणार."

"मग राहू दे बापड्याला," काकू म्हणाल्या.

सळ्यांची भोकं भरून येईपर्यंत सहा आठवडे गुडघा टेकायचा नाही, असा दंडक होता. काकूंनी तो पाळला. मग आधी गादीवर, मग दुमडलेल्या घोंगडीवर, मग सतरंजीवर, शेवटी थेट फरशीवर. यजमान घड्याळ धरून समोर उभे.

"दहा सेकंद झाले. ऊठ आता."

"वीस म्हणा."

व्रणाच्या बाजूची कातडी बधिरच राहिली, आणि थंड फरशीवर हाड ठणके. पण काजवे चमकायचे थांबले.

कामावर रुजू झाल्या त्या दिवशी पहिल्याच गिऱ्हाईक आल्या सुजल्या पावलांच्या एक आजी. त्यांना वाकवत नव्हतं. काकूंनी स्टुलाची कड धरली आणि त्या सावकाश खाली गेल्या. दुखलं. त्यांनी ओठ आवळले आणि गुडघा टेकला.

"काकू, जपून हं," मालक गल्ल्यावरून म्हणाले.

"तुम्ही गल्ला सांभाळा मालक."

त्यांनी आजींची टाच तळहातावर घेतली, बूट चढवला, अंगठा दाबला. "हा नको आजी, करंगळी चिमटतेय. रुंद पंजाचा आणते."

उठताना पहिला प्रयत्न फसला. दुसऱ्यांदा त्या उठल्या आणि रुंद पंजाचे बूट आणायला मागच्या फळ्यांकडे गेल्या.