बासष्टबाईंचा काटा

बाजारात तिला सगळे बासष्टबाई म्हणत, आणि हे नाव तिने स्वतः कमावलेलं होतं. वजनमापांची निरीक्षक म्हणून बावीस वर्षं ती दुकानादुकानांतले काटे तपासत होती. खोटा काटा तिच्या हातून सुटला नव्हता आणि खरा काटा तिने एकदाही नापास केला नव्हता. या दुसऱ्या गोष्टीचा तिला जास्त अभिमान होता.

नाव पडलं ते तिच्या खास पद्धतीमुळे. नियमाप्रमाणे गाडीतली वीस-वीस किलोंची लोखंडी वजनं उतरवून काट्यावर ठेवायची. पण त्याआधी ती स्वतः काट्यावर उभी राही. बासष्ट आले की काटा बहुतेक बरोबर, वजनं मग फक्त खात्रीपुरती. लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी सासरी गेली, तरी बासष्टाचे त्रेसष्ट झाले नाहीत.

गेलं वर्षभर मात्र बाईंचं काही खरं नव्हतं. पाळी कधी यायची, कधी दोन-दोन महिने दडी मारून बसायची. मध्येच अंगातून वाफा निघत. आइस्क्रीमवाल्याकडच्या तपासणीला दहा मिनिटं लागत, त्यातली नऊ ती फ्रीजरमध्ये डोकं घालून काढी. गाडीत बसल्या बसल्या डोळा लागे. एकदा तर डुलकीत तिने प्रमाणपत्राऐवजी स्वतःच्याच मनगटावर ‘मान्य’ असा शिक्का मारला आणि दोन दिवस तो घासत बसली.

पँट बसेना तेव्हा तिने कपड्यांचा साबण बदलला. घरच्या गुलाबी काट्याने एकोणसत्तर दाखवले तेव्हा तो बिघडला म्हणून भंगारात देऊन टाकला.

थोरली बहीण फोनवर म्हणाली, "अगं, पाळी जायचं वय आहे तुझं. अंग सुटतं, थकवा येतो. माझंही झालं होतं. माझ्या डॉक्टरबाईंना दाखव."

"ताई, काट्यातलं मला कळतं," असं म्हणून तिने फोन ठेवला.

वार्षिक तपासणीच्या सकाळी ड्रायव्हरकाकांनी बटाटेवाल्यासमोर गाडी उभी केली. "मॅडम, वजनं उतरवू?"

ती लोखंडं नुसती बघूनच तिला जांभई आली. "राहू दे. मी आहे ना."

काट्याने एकोणसत्तर दाखवले. बाईंनी भुवया चढवल्या आणि काट्याला सील ठोकलं. बटाटेवाला गयावया करू लागला, पण तिने दाद दिली नाही. पुढे तांदूळवाला: एकोणसत्तर. साखरवाला: एकोणसत्तर. दुपारपर्यंत बारा काटे सील झाले आणि अर्धा बाजार हातावर हात ठेवून बसला.

"कट आहे, काका," ती घाम पुसत म्हणाली. "सगळ्यांनी मिळून काटे सात किलोंनी वाढवलेत."

"मॅडम, हे लोक चहा कुठून मागवायचा यावर सुद्धा एकमत करत नाहीत," काका म्हणाले.

तेरावं दुकान भंगारवाल्याचं. तिथेही एकोणसत्तर. तिने सीलची तार काढली, तसा तो पोट धरून हसायला लागला.

"मॅडम, बटाटेवाला माल विकतो, मी विकत घेतो! काटा सात किलो जास्त दाखवायला लागला तर माझंच दिवाळं वाजेल. असा काटा मी कशाला ठेवीन?"

बाईंच्या हातातली तार तशीच राहिली.

"काका," ती हळूच म्हणाली, "वजनं उतरवा."

काकांनी कण्हत कण्हत तीन वजनं आणून ठेवली. काट्याने साठ दाखवले. ना इकडे, ना तिकडे. काकांनी वजनं उतरवली आणि ती चढली. एकोणसत्तर.

ती मटकन खाली बसली, ती नेमकी एका ढिगावर. खालून कुरकुर आवाज आला. ढीग घरगुती वजनकाट्यांचा होता.

"हे कुठले?"

"बायका आणून देतात," भंगारवाला म्हणाला. "सगळ्या पन्नाशीच्या आसपासच्या. म्हणतात, बिघडलाय. मी चालवून बघतो तर एकही बिघडलेला नसतो."

मधोमध तिचा गुलाबी काटा होता. तिने त्यावर वीस किलो ठेवले. त्याने निमूटपणे वीस दाखवले. बाईंना एकदम रडू आलं आणि रडता रडता हसूही फुटलं.

काका जवळ येऊन कुजबुजले, "मॅडम, सीलमध्ये काहीतरी तांत्रिक चूक झाली म्हणू. कुणाला काय कळतंय?"

"मला कळतंय ना!" ती फिस्कारली. "वजनं तपासायला दरवर्षी प्रयोगशाळेत पाठवतो आपण. मी मात्र बावीस वर्षं तशीच फिरतेय."

मग ती बाराही दुकानांत गेली, स्वतःच्या हाताने सील तोडलं आणि सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात सांगितलं, "काटा खरा आहे. मी सात किलोंनी वाढलेय. चूक माझी." पहिल्या दुकानात तिचे कान तापले, पाचव्यात पाय दुखले, आणि बाराव्यात साखरवाल्याने न विचारताच खुर्ची पुढे केली.

"मग आता तुम्हाला एकोणसत्तरबाई म्हणायचं का?" मागोमाग आलेल्या बटाटेवाल्याने विचारलं.

"खबरदार! पुढच्या वर्षी किती होतील मला काय माहीत? बासष्टच राहू दे. तुला ढब्बू म्हणतात तेव्हा कोण मोजायला येतं?"

बाजार खो खो हसला. ढब्बू सगळ्यात मोठ्याने हसला.

गाडीत बसल्यावर तिने गुलाबी काटा मांडीवर घेतला आणि ताईला फोन लावला. "त्या डॉक्टरबाईंचा नंबर दे. हो, तुझंच खरं. आता जास्त बोलू नकोस."

काकांनी गाडी सुरू केली. "या काट्यावर शिक्का मारायचा ना, मॅडम?"

"याला कशाला? हा पहिल्यापासून खरं बोलत होता."

तिने शाईची डबी उघडली, शिक्का टेकवला आणि या खेपेला चांगली टक्क जागी असताना स्वतःच्या मनगटावर मारला: मान्य.