सुरण फुलला

"आंटी, ते सुके बोंबील आधी उचला. अख्ख्या बिल्डिंगमध्ये मेल्या उंदराचा वास सुटलाय," सोसायटीचा सेक्रेटरी परेश नाकाला रुमाल लावून म्हणाला.

ज्युलीबाई दारात कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "बोंबलाचा वास मला शिकवतोस? हा तो नव्हे."

सकाळपासून गटाराची झाकणं उघडून झाली होती, माळे उपसून झाले होते. उंदीर सापडेना, म्हणून आता ज्युलीबाई सापडल्या होत्या.

शेजारच्या दाराआड काशीराम ऐकत होता. मूळचा चांदीप गावचा, शाळेत शिपाई होता, आता निवृत्त. तळमजल्यावर राहायला आल्यापासून खिडकीखाली त्याने जे जे लावलं, ते वाळून गेलं. यंदा घरातला एक उरलेला सुरणाचा गड्डा रंगाच्या बादलीत पुरला, तर काल त्याला फूल आलं. मडक्याएवढं, जांभळट, सुरकुतलेलं. गावी सुरण फुलायच्या आत पोटात जायचा. असलं फूल त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. पहाटे उठून त्याने कौतुकाने वाकून वास घेतला. तेव्हापासून तो दार लावून घरातच बसला होता.

"उद्यापासून गच्चीवर मासळी वाळवणं बंद," परेशने जाहीर केलं.

ज्युलीबाईंचा चेहरा उतरला. काशीरामला राहवेना. तो बाहेर आला.

"तिला कशाला बोलतो? माझं फूल हाय ते."

"काका, फूल कधी घाण मारतं का?"

"ये, हुंग."

परेश खिडकीखाली गेला, वाकला आणि रुमाल टाकून थेट गेटापर्यंत पळाला. तिथूनच ओरडला, "फेका ते! आत्ताच्या आत्ता!"

काशीराम बादलीजवळ नुसता उभा राहिला. ज्युलीबाई नाक चिमटीत धरून जवळ आल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"दिसायला राजा आहे हो मेला!" त्या म्हणाल्या. "फेकायचं नाय. पापडी गावात माझ्या भावाची वाडी आहे, तिथे नेऊन ठेवू. चला, रिक्षा बोलवा."

रिक्षा नाक्यावर पोचली नाही तोच रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. "काका, कोण गेलं?"

"कोन नाय गेलं. फूल हाय," काशीराम म्हणाला.

रिक्षावाल्याने उरलेला रस्ता मान बाहेर काढूनच कापला. स्पीडब्रेकर आला की काशीराम मांडीवरची बादली दोन्ही हातांनी अलगद वर उचलून धरी. आणि ज्युलीबाई, एका हाताने नाक दाबून, दुसरा हात बादलीच्या बुडाला लावत.