प्राजक्ताची पहिली सहल

प्राजक्तानं नर्सची नोकरी सोडली तेव्हा दापोडीतल्या अख्ख्या गल्लीनं तिला वेड्यात काढलं. इतकी वर्षं पिंपरीच्या दवाखान्यात सलाइन लावणारी पोरगी आता बायकांना सहलीला नेणार म्हणे! पण हे खूळ तिच्या डोक्यात घातलं रहाटणीच्या पेशंट बायकांनीच. कौशल्याबाई तर सलाइन चालू असतानाच म्हणाल्या होत्या, "तूच ने गं आमाला समुद्रावर. तुझ्यासंगं काळजी न्हाई."

मग काय! पहिली सहल दिवेआगरची, रविवारची, आणि गाडी फुल्ल. प्राजक्ताचे पाय जमिनीवर ठरेनात.

शनिवारी ग्रुपवर मेसेज यायला लागले. एकीचा गुडघा सुजला, एकीकडे पाहुणे टपकले, एकीच्या सुनेला कळा सुरू झाल्या. एकाच दिवशी सगळ्या रहाटणीची साडेसाती! तरी रविवारी सकाळी ती रहाटणी फाट्यावर उभी राहिली. मिनीबसमध्ये एकटी तिची आई, शालनबाई, नवी साडी नेसून खिडकीशी बसलेली.

तेवढ्यात कौशल्याबाई आल्या. रिकाम्या हातानं, घरातल्या सपाता घालून.

"काकू, सामान कुठंय?"

"आज आवस हाय की गं! आवसंला कुनी वेस वलांडतं व्हय?"

प्राजक्ताच्या घरी बाबासाहेबांचा फोटो होता, रोजची बुद्धवंदना होती. अमावस्या कधी येते नि कधी जाते, कुणी बघतच नव्हतं.

"मग तारीख टाकली तेव्हाच बोलायचं ना, काकू. तेव्हा तर सगळ्यांनी ग्रुपवर फुलं पाठवलीत."

"कसं बोलायचं? तुमच्यात पाळत न्हाईत, म्हाईत हाय आमाला. उगं तुला वाईट वाटायचं."

तुमच्यात. जखमेवर तिखट चोळल्यासारखं झालं तिला. याच बाईंची शीर बोटांनी चाचपडताना तुमच्यात-आमच्यात कधी निघालं नव्हतं.

कौशल्याबाईंनी बाही वर सरकवली. "बरं, आलीच हायेस तर बीपी बघ माझं. मशीन आणलं आसशीलच."

प्राजक्ताचा हात सवयीनं पिशवीकडं गेलासुद्धा. तिनं तो मागं घेतला.

"ते गाडीत बसणाऱ्यांसाठी आहे, काकू."

"ताई, एकाच सवारीसाठी कोकणात?" ड्रायव्हर सुजितनं डोकं खाजवलं. "लोक हसतील राव."

"हसू देत. घ्या गाडी."

गाडी हलली. मागं कौशल्याबाई उघड्या दंडानं रस्त्यात उभ्या राहून ओरडत होत्या, "बघा की! एवढं हक्कानं म्हनलं, तर केवढा तोरा! नोकरी सोडल्यापासनं माजलीया निसती!"

शालनबाईंनी हळूच विचारलं, "प्राजू, समुद्राला तरी चालते ना गं अमावस्या?"

प्राजक्ताला हसू आलं नाही.